उलट्या हँडलची खिडकी

दीड महिन्यापूर्वी आमच्या कारखान्यातल्या एकालाही तो देश नकाशावर दाखवता आला नसता. आता मात्र जेवणाच्या सुट्टीत डब्यांच्या आधी फोन उघडतात, आणि तिथल्या चौकांची, पुलांची, मंत्र्यांची नावं अशी घेतली जातात की जणू सगळ्यांचं आजोळ तिकडेच आहे. कटिंगवाल्यांपासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत प्रत्येकाच्या फोटोला तिथल्या आंदोलनाची पिवळी पट्टी लागली आहे. पट्टी लावायला दोन सेकंद लागतात. तेवढी क्रांती आमच्याकडे सगळ्यांना झेपते.

आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो. मी शेवटच्या टेबलावर असते, तपासणीला. खिडकी समोर आली की चौकट काटकोनात आहे का, रबर नीट बसलंय का, हँडल फिरवलं की झडप घट्ट मिटते का, एवढं बघायचं आणि सही करायची. सव्वीस वर्षं हेच करते आहे. माझ्या पाठीमागे मला 'खुसपट' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. ज्यांच्या कामात खुसपट निघतं त्यांनाच ते टोचतं.

क्रांतीचं मुख्य कार्यालय म्हणजे आमचा डिस्पॅच क्लार्क. त्याला सगळे 'राजदूत' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात असा त्याचा समज आहे. कुठला माल कुठल्या कंटेनरमधून कुठे गेला याच्या नोंदी ठेवणं हे त्याचं काम. नोंदी अर्ध्या असतात, पण त्या देशातल्या लष्कराच्या कुठल्या तुकडीत फूट पडली आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. सोशल मीडियावर त्याचं एक पान आहे. तिथे तो रोज व्हिडिओ टाकतो, खाली स्वतःचं भाष्य लिहितो, आणि फोनकडून त्याचा इंग्रजीत आणि त्या देशाच्या भाषेतही अनुवाद करून घेतो. हजारो लोक वाचतात. उंटावरच्या शहाण्याला पूर्वी निदान उंट तरी लागायचा.

हाच माणूस आमचा कामगार प्रतिनिधीही आहे. बायकांच्या संडासाच्या दाराला आठ महिने कडी नाही. ज्या कारखान्यात कड्या आणि हँडलांचे खोके छतापर्यंत रचलेत, तिथे एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर दार ओढून धरायचं. मी तीनदा त्याला म्हटलं, मालकांच्या कानावर घाल. तीनदा तो म्हणाला, "मॅडम, आत्ता वेळ बरोबर नाही." आणि त्याच दुपारी त्याने तिकडच्या हुकूमशहाला खुर्ची सोडायला चोवीस तासांची मुदत दिली.

मालक त्याच्याही वरचे. त्यांनी गेटवर फलक लावला, 'आम्ही जनतेसोबत'. त्याच दिवशी मला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "मॅडम, तिकडचं सरकार टिकलंच, तर आपला पुढचा माल घेईल ना हो?"

"मग फलकावर सरकारचंही नाव घाला," मी म्हटलं. "खाली, बारीक अक्षरात."

ते हसले नाहीत. विचार करतो म्हणाले.

या सगळ्या गोंधळात त्या देशाशी खरा संबंध एकाच बाईचा होता, आणि ती फोनमधलं काही बघतही नव्हती. ती पॅकिंगला आहे. तिचा नवरा आमचाच फिटर. तो सगळ्यांचा दादा, म्हणून ही सगळ्यांची वहिनी. दोन वर्षांपूर्वी आमचा माल बसवायला मालकांनी त्याला तिकडे पाठवलं, आणि माल बसवून झाल्यावर तिथल्याच एका नदीकाठच्या इमारतीत देखभालीला म्हणून ठेवलं. त्याची मुदत संपायला दोन महिने उरले होते आणि तिकडचा विमानतळ बंद होता. इंटरनेट दिवसातून दोन तास चालू व्हायचं, तेव्हा तो फोन करायचा. आमच्याकडे तेव्हा दीड वाजलेला असायचा. वहिनी डबा बाजूला ठेवून खोक्यांच्या ढिगाशी उभी राहायची, दोन मिनिटं बोलायची, आणि मग जेवायची. तो धडधाकट घरी यावा, एवढंच तिचं राजकारण.

"वहिनी, नशीबवान आहात," राजदूत एकदा तिला म्हणाला. "दादा इतिहास घडताना डोळ्यांनी बघतायत."

"घडू दे की भावजी इतिहास. त्यांना दोन वेळचं जेवायला मिळतंय का, ते कुठे दिसतं का बघा तुमच्या फोनात."

राजदूताने तिला नकाशा दाखवला. त्यावर लाल बाण होते. ती बराच वेळ बघत राहिली, मग विचारलं, "यात दुकान उघडं आहे का ते कळतं?" सगळे हसले. मला त्या हसणाऱ्यांची शिसारी आली.

मी मात्र यातली नव्हते. मी पट्टी लावली नाही, घोषणा लिहिल्या नाहीत, कुणाला 'लढत राहा' म्हटलं नाही. पण खरं सांगायचं तर बघत मी सगळं होते. राजदूताचं पान मी एक दिवस चुकवलं नाही. तो कुठे चुकतो ते बघायला जायचे. पुलाचं नाव चुकलं, तारीख चुकली, जुना फोटो नवा म्हणून टाकला, की माझा दिवस बरा जायचा. खाली काही लिहायचे नाही. गाढवापुढे कोण गीता वाचणार!

मग मंगळवारी तो व्हिडिओ आला.

एक मिनिट चाळीस सेकंदांचा. कुणीतरी बंद खिडकीच्या काचेतून, उंचावरून काढलेला. खाली रस्त्यावरून तीस-चाळीस मुलंमुली हात वर करून चालत येतात, आणि समोरून शिपाई त्यांच्यावर गोळ्या झाडतात. हात वर असतानाच. आदल्या दिवशी तिथल्या सरकारने छातीठोकपणे सांगितलं होतं की एकही गोळी झाडलेली नाही, आणि आता हे जगभर दिसत होतं. संध्याकाळच्या आत सरकारने जाहीर केलं की व्हिडिओ खोटा आहे आणि तो काढणाऱ्याला शोधून काढू. खोटा आहे तर काढणारा शोधायचा कशाला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शोधणं तसं सोपं नव्हतं. नदीच्या दोन्ही काठांना ओळीने एकसारख्या चाळीसेक इमारती, आणि धुराने अर्धं चित्र झाकलेलं. जगभरचे शहाणे तर्क लढवत होते. आमचा राजदूत मागे कसा राहील? त्याने दोन तासांत निकाल दिला, 'हा व्हिडिओ पलीकडच्या काठावरच्या विद्यापीठाच्या वसतिगृहातून घेतलेला आहे. शंभर टक्के.' वीस हजार लोकांनी वाचलं. वा वा, शाबास, काय अभ्यास आहे!

मी घरी स्वयंपाक आवरला आणि तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. पहिल्या दोन वेळा मुलं बघितली. त्यानंतर खिडकी.

चित्राच्या उजव्या कडेला चौकटीची पुसटशी रेघ होती, डाव्या कडेला चौकटीचा चार बोटं तुकडा दिसत होता, आणि त्यावर हँडल. खिडकी बंद होती. हँडल वर होतं.

आमच्या खिडकीचं हँडल खाली केलं की ती बंद होते. सगळ्याच खिडक्यांचं तसंच असतं. पण दोन वर्षांपूर्वी भोकं पाडायच्या साच्यात कुणीतरी पट्टी उलटी बसवली आणि चौसष्ट खिडक्यांचं हँडल उलटं बसलं. वर केलं की बंद. लॉट माझ्या टेबलावर आला तेव्हा मी अडवला. मालक म्हणाले, "उद्या कंटेनर निघतोय मॅडम. तिकडे कोण बघतंय? करा सही." मी सही केली. आयुष्यात मी मुद्दाम सोडलेला तो एकच चुकीचा माल. तिकडे कुणी बघितलं नाही, पण लोक सवयीने हँडल खाली दाबायचे आणि ते हातात यायचं. तक्रारी आल्या. म्हणून तर फिटरला तिथे ठेवून घेतलं, तुटलेली हँडलं बदलायला. अशा खिडक्या जगात चौसष्टच आणि त्या सगळ्या एकाच इमारतीत.

मी राजदूताच्या पानावर पहिल्यांदाच लिहिलं. मजकूर मला पाठ आहे. 'अर्ध्या हळकुंडाने पिवळं होण्याआधी जरा डोळे उघडून बघावं. हे वसतिगृह नाही. खिडकी बंद आहे आणि हँडल वर आहे. असा माल आमच्याच कारखान्याचा, एका लॉटचा, आणि एकाच इमारतीत गेलेला आहे. काचेची रुंदी अर्धी आहे, म्हणजे ही घरातली खिडकी नव्हे, जिन्यातली. दिव्याचा खांब किती खाली दिसतो त्यावरून मोजलं तर सहावा मजला. स्वतःच्या डिस्पॅचच्या नोंदी वाचल्या असत्या तर हे सांगावं लागलं नसतं.' खाली इमारतीचं नाव लिहिलं. काना-मात्रा तपासली. मग पाठवून दिलं आणि गाढ झोपले.

सकाळी मला वाटलं होतं राजदूत तोंड लपवेल. तो तर गेटवरच वाट बघत उभा! "मॅडम, तुम्ही हिरा आहात हिरा! मी तुमचं उत्तर वर घेतलं, तिन्ही भाषांत टाकलं. 'आमच्या कारखान्यातल्या तज्ज्ञ' म्हणून. चाळीस हजार झाले. तिकडच्या वर्तमानपत्राने उचललंय."

"तुझं चुकलं होतं, ते आधी लिहिलंस का?"

"लिहिलं ना. चूक मान्य केली की फॉलोअर वाढतात."

निर्लज्जाला लाज कसली. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कटिंगवाले उठून उभे राहिले. मालकांनी केबिनच्या काचेतून अंगठा दाखवला. सव्वीस वर्षं मी बिनचूक होते आणि त्याची दखल घ्यायला परदेशातली क्रांती लागली, असं काहीतरी मी बोललेही. लोक हसले आणि या वेळी त्यांचं हसणं मला खटकलं नाही.

दीड वाजता वहिनीचा फोन वाजला नाही.

तीनच्या सुमारास ती माझ्या टेबलाशी आली. हातात चिकटपट्टीचं रीळ तसंच होतं. इकडेतिकडे बघून ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, या भानगडीत नसलेल्या तुम्ही एकट्याच, म्हणून तुमच्याकडे आले."

मी खिडकी खाली ठेवली.

"तो व्हिडिओ ह्यांनी काढलाय."

"कुठला?" मी विचारलं, जसं काही दहा व्हिडिओ होते.

"ती मुलं हात वर करून येतात तो. काल फोनवर सांगितलं मला. जिन्यात हँडल बदलायला गेले होते, तेवढ्यात खाली सुरू झालं. खिशातला फोन काढला आणि घेतलं. पाचव्या मजल्यावर एक मास्तर राहतात, त्यांना दिलं, त्यांनी पुढे धाडलं. मी म्हटलं, कशाला ही नसती उठाठेव? तर म्हणाले, अगं, हात वर केले होते गं त्यांनी." तिने रिळाचं टोक नखाने उचकटलं आणि परत दाबलं. "घाबरू नको म्हणाले. चाळीस इमारती एकसारख्या, कोण ओळखणार! आणि आज पॅकिंगला सगळ्या बोलतायत की कुणीतरी खिडकी ओळखली. मला ते वाचता येत नाही नीट, आणि कुणाला विचारायची सोय नाही. खिडकी कुणी कशी ओळखेल हो ताई? खिडकी ती खिडकी."

"कोण ओळखणार?" मी म्हटलं. "लोक काहीही बोलतात. पराचा कावळा करतात."

"तेच म्हटलं मी," ती म्हणाली आणि पॅकिंगला परत गेली.

फिटर त्याच इमारतीत राहतो हे मला माहीत नव्हतं का? होतं. जिन्यात हँडल बदलायला त्याच्याखेरीज कोण जाणार, हे मला कळण्यासारखं नव्हतं का? होतं. चार बोटं चौकटीवरून मी लॉट सांगितला, मजला सांगितला, जिना सांगितला, आणि काचेच्या अलीकडे एक माणूस उभा असणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात राजदूत होता. त्याचं पडलेलं तोंड मला बघायचं होतं. ज्याला मी दीड महिना मूर्ख म्हणत होते, त्याच्यापेक्षा हा मूर्खपणा कितीतरी मोठा होता, आणि तो मी काना-मात्रा तपासून केला होता.

मी माझं उत्तर पुसलं आणि डिस्पॅचच्या खोलीत गेले. राजदूताला सगळं सांगितलं. त्याने आधी स्वतःची पोस्ट काढून टाकली, मग शोधून बघितलं. तेच शब्द, तेच इमारतीचं नाव, दुसऱ्या दोनशे पानांवर होतं. एका ठिकाणी जिन्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं.

"मॅडम, मी नुसतं पुढे पाठवलं," तो म्हणाला. "नाव तर तुम्ही लिहिलंत."

आयुष्यात पहिल्यांदाच तो बिनचूक बोलला.

"वहिनींना सांगायचं का?" त्याने विचारलं.

"आत्ता वेळ बरोबर नाही," मी म्हटलं. हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं.

गुरुवारी फोन आला नाही. वहिनी दीड वाजता खोक्यांशी उभी राहिली, दोन वाजता बसली, डबा न उघडता परत बांधून ठेवला. शुक्रवारीही तेच. एव्हाना पॅकिंगच्या बायकांना अंदाज आला असावा, कारण त्या तिच्याशी फार गोड बोलायला लागल्या होत्या. राजदूताने पान बंद केलं आणि फोटोवरची पिवळी पट्टी काढली. बघता बघता सगळ्यांच्याच पट्ट्या उतरल्या. मालकांनी फलक काढून आत भिंतीला टेकवून ठेवला, अक्षरं भिंतीकडे करून. ज्यांनी हुकूमशहाला मुदती दिल्या होत्या ते आता जेवताना हवामानावर बोलत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी कुणाला नावं ठेवायच्या लायकीची उरले नव्हते, तरी मनात ठेवतच होते. ती सवय कुठे जाते!

शनिवारी दीड वाजता वहिनी खोक्यांशी उभी राहिली नाही. माझ्या टेबलापाशी येऊन बसली. "इथे बसू का ताई? तिकडे सगळ्या बघत राहतात." मी हो म्हटलं. तिने फोन मांडीवर ठेवला.

दोनला दहा कमी असताना माझा फोन वाजला. अनोळखी खात्यावरून संदेश होता. फोटो नाही, नाव नाही. मजकूर आपल्याच भाषेत होता, पण मशीनने केलेल्या अनुवादाचा.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. "ह्यांच्याबद्दल आहे?"

मी फोन तिच्यापासून जरा दूर धरला.

"वाचा," ती म्हणाली. "जे असेल ते वाचा. मला कुणीच काही वाचून दाखवत नाही."

मी वाचलं. "'आदरणीय तज्ज्ञ मॅडम. आपण पुरवलेली माहिती पूर्ण अचूक होती. सहाव्या मजल्याचा जिना मिळाला. संबंधित परदेशी कामगार ताब्यात आहे आणि त्याने कबूल केले आहे. आमच्याकडे आणखी तीन व्हिडिओ आहेत. त्यांतील खिडक्या ओळखून द्याव्यात. सहकार्याबद्दल आभार.'"

वहिनीने ते ऐकून घेतलं. रडली नाही. "ताब्यात आहे म्हणजे जिवंत आहेत ना?" तिने विचारलं.

"असावेत."

"तज्ज्ञ मॅडम कोण?"

मग मी तिला सगळं सांगितलं. हँडल कसं उलटं बसलं, मी सही कशी केली, व्हिडिओ कितीदा बघितला, काय लिहिलं, का लिहिलं. काही गाळलं नाही. मी थांबले तेव्हा जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली होती आणि मशीनं सुरू होत होती. वहिनीने मांडीवरचा फोन उचलून पदराने पुसला.

"तो राजदूत चुकीचं सांगत होता ना?"

"हो."

"वसतिगृह म्हणत होता."

"हो."

"आणि लोकांना ते पटलं होतं."

"हो."

"मग म्हणू द्यायचं होतं की ताई," वहिनी म्हणाली. "तुमचं काय जात होतं?"